किल्ली माझ्या खिशात

आयोवा म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर फारसं काही येत नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास ठाऊक असतं. मी पहिल्यांदा इकडे यायला निघाले तेव्हा आईनं विचारलं होतं, "तिथं काय असतंय गं?" मी म्हटलं, "मका." ती म्हणाली, "मग एवढ्या लांब कशाला? मका आपल्याकडं बी हाय."

आमचं गाव मिरज तालुक्यातलं. घरी शाळू, थोडा ऊस, थोडी हळद, एक बैलजोडी आणि दोन म्हशी. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी २००७ मध्ये एम्स या गावी आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत पुढचं शिकायला आले. वर्गात एक शेतकऱ्याचा मुलगा होता. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. नवऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, ते उखाण्यासाठी राखून ठेवलंय.

गेली पंधरा-सोळा वर्षं आम्ही आयोवाच्या वायव्य भागात, सासू-सासऱ्यांच्या शेतावर राहतो. स्वतःची ३२० एकर, तेवढीच खंडानं केलेली, आणि सत्तर गाई. गावाकडे हा आकडा सांगितला की लोक मला जमीनदारीण समजतात. इथे मात्र आमची गणना मध्यम शेतकऱ्यांत होते, आणि काही वर्षी हिशेब जुळता जुळत नाही. म्हणून मी जवळच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. पगारापेक्षा त्या नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा घराला जास्त महत्त्वाचा. इथल्या कितीतरी शेतकरी घरांत सून किंवा बायको याच कारणासाठी बाहेर नोकरी करते.

एवढी जमीन चार माणसं करतात ती यंत्रांच्या जिवावर. एप्रिलच्या अखेरीला पेरणी सुरू होते. बारा ओळींचं पेरणी यंत्र तीस-तीस इंचांवर मका टाकत जातं. जूनमध्ये लसूणघास कापायचा, वाळवायचा आणि त्याच्या साडेपाचशे किलोच्या गोल गाठी बांधायच्या. सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत सुगी, आधी बहुतेक सोयाबीन, मग मका. चांगल्या वर्षी मक्याला एकरी दोनशे बुशेल उतारा पडतो. एक बुशेल मका म्हणजे पंचवीस किलोच्या थोडा वर, तेव्हा एकरी पन्नास क्विंटल धरा. हा सगळा मका गोल, पन्हाळी पत्र्याच्या उंच कणग्यांत जातो. इकडे त्यांना बिन म्हणतात. आमचं मोठं बिन छत्तीस फूट रुंद आहे आणि त्यात अठरा हजार बुशेल मावतात, म्हणजे साडेचार हजार क्विंटल. तो मका हिवाळ्यात जसजसा भाव मिळेल तसतसा बाहेर काढून इथेनॉलच्या कारखान्याला घालायचा. सुगीनंतर गाई मक्याच्या मोकळ्या रानात धाटं आणि सांडलेली कणसं खात फिरतात. बर्फ पडलं की मग गाठी फोडून रोज वैरण.

हे सगळं लांबून फार देखणं दिसतं. गावाकडच्या ग्रुपवर मी कंबाइनचा फोटो टाकला की अंगठ्यांचा पाऊस पडतो. आज मात्र त्या फोटोत न दिसणारं सांगायचं आहे.

गुरं मी सासऱ्यांकडून शिकले. गावाकडच्या दावणीची सवय होती, पण इथली गुरं वेगळी. काळ्या अँगस जातीच्या गाई, दूध काढायचं नाही, वासरं सहा-सात महिन्यांची झाली की लिलावात विकायची. ती कशासाठी विकली जातात हे वाचणाऱ्याला कळलं असेल. काहींच्या कपाळाला आठी पडेल. माझ्या आईच्याही पडली होती, आणि मीही पहिली दोन वर्षं लिलावाच्या दिवशी घरीच थांबायचे. आता जाते. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

सांगायचं ते सासऱ्यांच्या हाताबद्दल. मार्च-एप्रिलमध्ये गाई वितात. उणे दहा तापमानात रात्री दोनला हा माणूस बॅटरी घेऊन गोठ्यात उभा राहतो, पण आवाज चढवत नाही. गाईला लस टोचायला खोड्यात घ्यायची असेल तर काठी उगारत नाही, मागून ढकलत नाही, नुसता बाजूला उभा राहून वाट बघतो. मला म्हणाले होते, "गाईची घाई केलीस की ती दुप्पट वेळ घेते." नुकत्याच व्यालेल्या गाईच्या आणि वासराच्या मध्ये कधी जायचं नाही, वळूकडे पाठ करायची नाही, आणि गोठ्यात शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. हे त्यांचे तीन नियम, आणि पन्नास वर्षांत त्यांना एकदाही जनावरानं मारलेलं नाही.

पण हाच माणूस यंत्राजवळ गेला की वेगळा. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नाहीत. तरुणपणी कणसं खुडायच्या जुन्या यंत्रात अडकलेलं धाट ते यंत्र चालू ठेवूनच ओढत होते. तेवढं होऊनही सवय गेली नव्हती. ट्रॅक्टर चालू ठेवून उतरायचे, फिरत्या दांड्यावरून पाय टाकून पलीकडे जायचे. मी काही बोलले की हसायचे, "दोन मिनिटांचं काम आहे."

तो दांडा म्हणजे पीटीओ, ट्रॅक्टरच्या मागचा. गावाकडेही सगळे त्याला पीटीओच म्हणतात. मिनिटाला ५४० फेरे हा त्याचा ठरलेला वेग, मग ट्रॅक्टर आयोवातला असो की आमच्या गावातला. म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. बाहीचं टोक त्यात सापडलं हे मेंदूला कळून हात मागे येईपर्यंत दांड्याचे चार-पाच फेरे झालेले असतात. गाय मारण्याआधी कान मागे घेते, डोकं खाली करते, शेपटी झाडते. लोखंड आधी काहीच सांगत नाही. मला वाटतं, म्हणूनच सासरे गाईपुढे सबुरीनं वागायचे आणि लोखंडापुढे घाईनं. गाय तक्रार करते. लोखंड कितीही घाई सोसून घेतं, आणि एके दिवशी घेत नाही.

आमच्याकडे तो दिवस फेब्रुवारी २०२० मध्ये आला. पण त्याची सुरुवात आधीच्या सुगीत झाली होती आणि तिच्यात माझाही वाटा होता.

२०१९ चं साल मिडवेस्टमधले शेतकरी विसरणार नाहीत. वसंतात इतका पाऊस झाला की पेरणी लांबली. पेरणी लांबली म्हणून मका उशिरा पिकला, आणि ऑक्टोबर उलटला तरी दाणा ओलाच. बिनमध्ये मका टिकवायचा तर दाण्यातला ओलावा पंधरा टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. त्यासाठी प्रोपेन गॅसवर चालणारा ड्रायर. त्या वर्षी सगळ्यांचाच मका ओला, सगळ्यांनाच गॅस एकाच वेळी हवा. टंचाई झाली. टाकी भरून मिळायला दिवस दिवस थांबावं लागायचं.

ओलावा मोजायचं काम माझ्याकडे होतं. एका रात्री साडेदहाला मीटरवर अठराचा आकडा आला. कंबाइनमधून नवऱ्याचा फोन, "किती?" मी सांगितलं. क्षणभर थांबून तो म्हणाला, "टाक आत. थंडी पडतेच आहे. पंखे चालू ठेवू, पुढे बघू." पहाटे पाऊस येणार होता, टाकीत गॅस नव्हता, घरी मुलाला ताप होता. मी कृषी पदवीधर. ओल्या मक्याचं काय होतं हे मी परीक्षेत लिहून आलेली. तरी मी "बरं" म्हटलं आणि मका आत गेला.

पुढे काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. घरच्या डब्यात ओल राहिली की पिठाच्या गुठळ्या होतात, तसंच. बिनच्या मध्यभागी चुरा साठतो, तिथून हवा नीट जात नाही, बुरशी धरते आणि दाणे चिकटून ढेकळं होतात. बिनच्या तळाला मधोमध एक तोंड असतं. त्यातून मका खाली सरकतो आणि ऑगर त्याला बाहेर नेतो. ऑगर म्हणजे नळीत फिरणारं लांब मळसूत्र. त्या तोंडावर ढेकूळ बसलं की धान्य यायचं थांबतं. मग माणसाला वाटतं, जरा आत उतरून गज मारला की झालं. दोन मिनिटांचं काम.

त्या दिवशी नवरा एक ट्रक घेऊन कारखान्याकडे गेला होता. दुसरा सासरे भरत होते. सासूबाई दवाखान्याच्या कामाला तालुक्याच्या गावी. मी शाळेतून सव्वाचारला परतले, गाडीतून उतरले आणि आवाज वेगळा वाटला. भरलेला ऑगर घुमतो, रिकामा खडखडतो. तो खडखडत होता. ट्रक अर्धाच भरलेला, त्यात एक दाणा पडत नव्हता. कुत्रा बिनच्या शिडीच्या पायथ्याशी वर तोंड करून बसलेला. सासरे कुठेच नाहीत.

मी हाका मारल्या नाहीत. शिडीही चढले नाही. खांबावरच्या पेटीकडे धावले आणि लाल बटण दाबलं.

मोटर थांबली आणि मग पत्र्याच्या आतून त्यांचा आवाज आला. वर चढून झाकणातून पाहिलं तर सासरे छातीच्या जरा खालपर्यंत मक्यात. गज बाजूला पडलेला. चेहरा पांढरा. मला पाहताच पहिलं वाक्य, "आत येऊ नकोस." दुसरं, "पंखा चालू कर, फक्त पंखा."

झालं होतं ते असं. त्यांनी गज मारला, ढेकूळ सुटलं, मका एकदम खाली सरकला आणि पायाखालचं धान्य नदीसारखं वाहायला लागलं. वाहत्या धान्यात माणूस चार-पाच सेकंदांत असा रुततो की स्वतःहून पाय काढता येत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत तो पूर्ण बुडू शकतो. त्यांचं नशीब असं की ते कमरेच्या वर गेले तेवढ्यात दुसरं ढेकूळ तोंडावर येऊन बसलं आणि प्रवाह थांबला. मोटर मात्र चालूच. ते ढेकूळ कुठल्याही क्षणी फुटू शकलं असतं. फोन ट्रकमध्ये राहिलेला. वीस-पंचवीस मिनिटं ते तसेच, न हलता, ऑगरची खडखड ऐकत उभे होते. ज्या आवाजावरून मला काहीतरी बिघडलंय हे कळलं, तो आवाज त्यांच्यासाठी काय होता याचा मी आजही नीट विचार करू शकत नाही.

मी ९११ ला फोन केला. आमच्या गावाचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे. बँकेतला कॅशियर, शाळेच्या बसचा चालक, गॅरेजवाला, शेजारचे दोघे शेतकरी. सोळा मिनिटांत ते आले. तोवर मी झाकणापाशी बसून बोलत राहिले. बोलायला विषय सुचेना म्हणून गाईंचं विचारलं. ते म्हणाले, "४१ नंबरची आज रात्री विते की काय असं वाटतंय. तिला आत घ्या."

दोर टाकून ओढून का काढलं नाही, असं पुढे आईनं फोनवर विचारलं. ओढता येत नाही. कमरेपर्यंत धान्यात गेलेल्या माणसाला भोवतीचा मका असा धरून ठेवतो की जोर लावला तर कण्याला, खांद्याला इजा होते, माणूस हलत नाही. त्या लोकांनी आधी मक्यावर फळ्या टाकल्या, म्हणजे त्यांच्या वजनानं आणखी धान्य सासऱ्यांवर ढकललं जाऊ नये. मग ॲल्युमिनियमची लांब पानं एकेक करून त्यांच्या भोवती खोचली आणि एकमेकांत अडकवून नळकांडं तयार केलं. धान्यातून माणूस काढायचं हे खास साधन आहे. मग हातातल्या ड्रिलवर चालणाऱ्या छोट्या ऑगरनं नळकांड्याच्या आतला मका बाहेर फेकत राहिले. आधी मांड्या सुटल्या, मग गुडघे. दोन तास लागले. बाहेर अंधार, उणे बारा तापमान. सासूबाई आणि नवरा तोवर पोचले होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

झाकणातून बाहेर आले तेव्हा त्यांना पायांवर उभं राहता येत नव्हतं. स्ट्रेचरवर घेताना म्हणाले, "गाईंना वैरण घालायची राहिली." शेजाऱ्यानं सांगितलं, "घातली." तो केव्हा गेला, ट्रॅक्टर कुणी काढला, कुणालाच कळलं नव्हतं. दवाखान्यात दोन रात्री काढून सासरे घरी आले. ४१ नंबरच्या गाईला तोवर कालवड झाली होती.

मला हाक मारायच्या आधी बटण का सुचलं? ते सांगायला १९९४ मध्ये, आमच्या खळ्यावर जावं लागेल.

शाळूची मळणी होती. ट्रॅक्टरवर चालणारं मळणी यंत्र, ज्याला आमच्याकडे हडंबा म्हणतात, दोन दिवसांच्या बोलीवर आणलेलं. मी नऊ वर्षांची, कडब्याच्या गंजीवर बसलेली. थोरली काकी कणसांची पाटी देऊन मागे वळली आणि तिचा पदर पट्ट्यात गेला. तिनं तो सोडवायला हात घातला. तिथे बारा-तेरा माणसं होती. सगळी ओरडली. कुणी काकीला धरलं, कुणी पदर ओढला, कुणी पट्ट्यावर काठी मारली. ट्रॅक्टर बंद करायला मात्र कुणी धावलं नाही. चालवणारा चहाला गेला होता. काकी वाचली, उजवा हात कोपराखालून गेला. पुढे तिनं डाव्या हातानं भाकरी थापायला शिकून घेतलं, आणि घरातल्या प्रत्येक पोरीला एकच वाक्य ऐकवत राहिली, "आधी पदर खोच, मग मशीनजवळ जा."

दवाखान्यातून आल्यावर मी काकीला फोन केला. सगळं ऐकून तिनं व्याह्यांची तब्येत विचारायच्या आधी विचारलं, "मशीन कुणी बंद केलं?"

"मी."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "ब्येस केलंस बाई. आमच्या वेळंला कुणाला सुचलं न्हाई."

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरात भांडण झालं. ते होणारच होतं. नवऱ्यानं स्वतःला दोष दिला, सासऱ्यांनी ढेकळाला. मी अठराचा आकडा सांगितला आणि म्हटलं, "मीटर माझ्या हातात होतं." सासूबाई तोवर गप्प होत्या. त्या बत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या बाई. म्हणाल्या, "शाळेत माझ्या कढईचं तापमान बघायला माणूस यायचा. इथे कोण येतं?"

कुणीच येत नाही, हे खरं. अमेरिकेत कामाच्या जागेची सुरक्षितता पाहणारं ओशा नावाचं केंद्रीय खातं आहे. कारखान्यात त्याचा धाक असतो. पण दहा किंवा त्याहून कमी कामगार असलेल्या शेतावर कारवाई करायला त्या खात्याला १९७६ पासून पैसे खर्च करता येत नाहीत, आणि त्या दहांत घरची माणसं धरतच नाहीत. आमच्यासारखी शेतं त्याच्या बाहेर. आपल्याकडे धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ मध्ये झाला आणि तो मुख्यतः मळणी यंत्रांच्या अपघातांमुळेच झाला. पण आमच्या खळ्यावर १९९४ मध्ये त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. कायद्याचं राहू द्या. घरच्या शेतावर मालक, कामगार आणि निरीक्षक एकाच ताटात जेवतात. कोण कुणाला दंड करणार?

म्हणून सासूबाईंनी स्वतः दुकानात जाऊन एक लाल कुलूप आणलं. ऑगरच्या मोटरचा मुख्य खटका बंद करून त्याला लावायचं कुलूप. नियम साधा आहे. बिनमध्ये कुणाला उतरायचंच असेल तर आधी खटका बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात. आत जाणाऱ्याला पट्टा आणि दोर. बाहेर माणूस नसेल तर उतरायचंच नाही, मग ट्रक दिवसभर उभा राहिला तरी चालेल. पंधराच्या वर आकडा आला तर मका बिनमध्ये जाणार नाही, कंबाइन थांबेल. कारण बिनमधला अपघात फेब्रुवारीत होत नाही, ऑक्टोबरमध्ये होतो. मका चांगला राहिला तर आत उतरायची वेळच येत नाही. आणि शेवटचं, ट्रॅक्टरवरून उतरण्याआधी तो बंद करायचा. नव्या कंबाइनवर माणूस सीटवरून उठला की पुढचा कापणीचा भाग आपोआप थांबतो. सासऱ्यांच्या लाडक्या पन्नास वर्षांच्या ट्रॅक्टरला ती अक्कल नाही, ती आपण पुरवायची.

सासऱ्यांनी हे सगळं मुकाट्यानं ऐकलं. मला वाटलं होतं कुरकुर करतील. ते एवढंच म्हणाले, "गाईसारखं वागायचं तर लोखंडाशी."

हे मी आज्जीला सांगितलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखालची खोल कोठारं. आज्जीचे वडील तिथे हमाली करायचे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. झाकण काढून हवा खेळू द्यायची, मग आत कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरणार नाही. आणि वर एक जण कायम उभा. गडी उतरल्यावर वरचा माणूस तंबाखू मळायलासुद्धा बाजूला गेला तर मुकादम शिव्या घालायचा, असं आज्जी सांगायची. कुठलं हरिपूर आणि कुठलं आयोवा, पण वर उभ्या राहणाऱ्या माणसाचं महत्त्व त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

गेल्या वर्षी धाकट्या भावानं ट्रॅक्टर घेतला आणि त्यावर चालणारं नवं मळणी यंत्र. थोडे पैसे मीही पाठवले. त्यानं हार घातलेल्या यंत्राचा फोटो पाठवला, मी अंगठा दिला. मग फोटो मोठा करून पाहिला. पीटीओच्या दांड्यावरचं पिवळं प्लॅस्टिकचं आवरण काढून टाकलेलं.

फोन केला. म्हणाला, "आक्का, ग्रीस मारायला अडचण होतीया म्हणून काढलंय. सगळीच काढत्यात. तू तिकडं बसून काय सांगतीस?"

मी म्हटलं, "काकीला फोन दे."

तो गप्प झाला. दोन दिवसांनी नवा फोटो आला, आवरण बसवलेला. खाली लिहिलं होतं, "काकीनं स्वतः उभं राहून बसवून घेतलं." फोटोच्या कडेला काकीच्या लुगड्याचा काठ दिसत होता. पदर खोचलेला.

आता हे सगळं मी या सदरात का लिहितेय? कारण आपल्यापैकी अनेकांच्या पैशातून गावाकडे यंत्रं येतात. ट्रॅक्टर येतो, कडबाकुट्टी येते, मळणी यंत्र येतं. आपण हप्ता विचारतो, ॲव्हरेज विचारतो, पाऊस विचारतो. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारा. फिरत्या दांड्यावर आणि पट्ट्यावर आवरण आहे का? अडकलेलं काढायच्या आधी यंत्र बंद करता का? आणि ते बंद कसं करायचं हे खळ्यावरच्या प्रत्येकाला, बायकांना आणि पोरांनाही, दाखवलंय का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. १९९४ मध्ये तेरा माणसांपैकी एकाला जरी तो खटका ठाऊक असता तरी काकीचा हात राहिला असता.

सासरे आता शहात्तर वर्षांचे आहेत. कंबाइन नवरा चालवतो, ते धान्याच्या गाडीवर असतात. मुलगा तेरा वर्षांचा झालाय आणि त्याला ट्रॅक्टरवर बसायची घाई झालीय. परवा तो आजोबांच्या ट्रॅक्टरवर मडगार्डला टेकून चढायला लागला, तर आजोबांनीच त्याला खाली उतरवलं. "एक सीट, एक माणूस." मग बिनपाशी घेऊन गेले, लाल कुलूप दाखवलं आणि विचारलं, "किल्ली कुठे असते?"

मुलानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी शाळेच्या कोटाचा खिसा चाचपला. होती.